वाकडीच्या छातीवरचं पांढरं

कमल, जिंकलीस तू. आधी हे सांगून टाकते, बाकीचं सगळं मागून. आज सकाळी साडेसातच्या सुमाराला जांभूळच्या बंधाऱ्याखाली, त्याच पाणकणसांत, आपली वाकडी दिसली आणि तिच्या छातीवर पांढरं आलंय. फार नाही, डाव्या बाजूला नखाएवढं आणि उजवीकडं दोन-तीन पिसं. पण पांढरं म्हणजे अगदी पांढरं. मी दुर्बीण लावली, काढली, ओढणीनं काच पुसली आणि परत लावली. मग तुला कोपर मारायला गेले. सवय गं. कोपर हवेत गेलं आणि मी बांधावरून घसरता घसरता वाचले. म्हशी घेऊन चाललेल्या तुमच्या गावच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, काय झालं बाई. मी म्हटलं, कमल जिंकली. तो थांबला, म्हशी पुढं गेल्या. "आपली कमल? ती तं गेली ना?" मी म्हटलं, हो, गेली, पण जिंकली. त्यानं माझ्याकडं जरा काळजीनं पाहिलं आणि म्हशींच्या मागं गेला.

आज चौतीस दिवस झाले तुला जाऊन. चौतीस दिवसांत मी पहिल्यांदा हसले ते आज, त्या चिखलात. इतका आनंद झाला की त्याची लाज वाटावी, आणि लगेच असं रडू आलं की वाकडी कुठं उडाली तेही दिसलं नाही. तुला सांगितल्याशिवाय हा आनंद पचणार नाही म्हणून लिहायला बसले आहे. आणि आणखी एक गोष्ट आहे, जी मी तुला तू असताना सांगितली नाही. तीही आज सांगणार आहे. ती सांगायला मला धीर गोळा करावा लागतोय, तेव्हा थोडं आडवळणानं जाऊ दे.

लोक विचारतात, कमल तुमची कोण? शाळेतल्या बायकांना वाटतं तू माझ्याकडं कामाला होतीस. सोसायटीत कुणाला वाटतं भाजी आणायचीस. मी काय सांगणार? खरवईला जिथं आता टॉवर उभे आहेत तिथं तेव्हा दलदल होती. मी पुस्तक आणि दुर्बीण घेऊन एकटीच उभी होते आणि तू बहिणीकडं निघालेली, डोक्यावर पदर, हातात पिशवी, माझ्यामागं येऊन उभी राहिलीस. काय बगतेस म्हणालीस. मी नववीच्या वर्गाला शिकवावं तशा आवाजात सांगितलं की या मनोल्या आहेत, म्हणजे मुनिया, फिंचच्या नात्यातल्या, गवताचं बी खातात. तू म्हणालीस, भात पन खातात, आमची आय फटाके लावून पलवायची. मग दुर्बीण मागितलीस, उलटी धरलीस, मी सुलटी करून दिली. मिनिटभर पाहिलंस आणि म्हणालीस, सगल्या एक नाय, दोन वेगल्या हायत. मी हसले. मग पाहिलं. थव्यात दोन पाखरं खरोखर दुसऱ्या जातीची होती. मी अर्धा तास तिथं उभी होते आणि मला ती दिसली नव्हती.

ते कसं दिसलं, हे मला तुझं काम कळल्यावर कळलं. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या युनिटमध्ये तू वीस वर्षं रंगाच्या शेड वेगळ्या करायचीस. धुऊन आलेल्या शेकडो जीन्स, सगळ्यांचा निळा आम्हाला एकच, आणि तू एकेक उचलून अ, ब, क असे गठ्ठे लावायचीस. एका खोक्यात दोन शेड गेल्या तर माल परत यायचा. शेठ स्वतः पॅन्ट घेऊन तुझ्यापुढं उभा राहायचा आणि विचारायचा, कमल, ये 'अ' है या 'ब'? तू त्याला उन्हात घेऊन जायचीस. ट्यूबलाइट खोटं बोलते, हे तुझं वाक्य मी वर्गात किती वेळा वापरलंय, तुझं नाव न घेता. तेव्हापासून आपण दोघी उन्हातच पक्षी पाहत आलो. पुस्तक माझं, डोळे तुझे, आणि भाकरी-सुकट पण तुझीच. तू मला बाई म्हणायचीस आणि अगं-तुगं करायचीस. असं मला दुसरं कुणीच कधी बोलावलं नाही.

खरवईची दलदल भरून टाकली तेव्हा आपण दोघी डंपरवाल्याशी भांडलो होतो, आठवतं? तो म्हणाला, मॅडम, इधर तो कुछ भी नहीं है. तू त्याला खाली उतरवून पाखरं दाखवलीस. त्यानं पाहिली, 'मस्त है' म्हणाला आणि माती टाकली. मग तू म्हणालीस, चल, माझ्या गावाला बंधारा हाय. तसं आपलं ठिकाण जांभूळ झालं.

तर मनोल्या. ज्यांना काहीच माहीत नाही अशांना मी आता किती वेळा समजावलंय, या महिन्यात तर भेटेल त्याला. एक आपली तिरंगी मनोली. डोकं काळंभोर, पाठ तांबूस-तपकिरी, छाती आणि कुशी पांढऱ्या, पोटाखाली काळं. दुसरी तिची सख्खी बहीण, पुस्तकात जिला चेस्टनट म्हणतात आणि आपण दोघी तांबडी म्हणायचो. तिचंही डोकं काळं, चोच तशीच जाड आणि निळसर, पाठ तशीच. फरक काय तो एवढाच की तिच्या छातीला पांढरं नाही, डोक्याखाली सगळी तांबडी. तिरंगी आपल्या बाजूची, तांबडी बंगाल-आसामकडची. जुन्या पुस्तकांत दोघींना एकच जात धरलं होतं, नंतर वेगळ्या केल्या. तू यावरही वाद घातलास. वेगल्या कशाला केल्या, म्हणालीस. एकीला पांढरा ब्लाऊज शिवला, एकीला अंगाच्या रंगाचा, म्हनून काय बहिनी तुटल्या? मी म्हटलं, अगं, आवाज, राहण्याची जागा, बरंच काही पाहतात. तू म्हणालीस, आमी दोघी बहिनी पन येगल्या गावात राहतो. तो वाद तसाच राहिला आणि त्यात मला अजून तुझं म्हणणं पुरतं खोडता आलेलं नाही.

आणि मग गणपती गेल्यानंतरचा तो रविवार. तो दिवस मी किती वेळा परत पाहिला असेल. वारा सुटलेला, पाणकणसं आडवी होत होती, आणि थव्याच्या कडेला एक मनोली एकटी बसलेली, छाती तांबडी. मी तुझा दंड इतका आवळला की नंतर वळ उठला होता. इथं, या आपल्या बंधाऱ्यावर, तांबडी! जिल्ह्यात कुणी पाहिल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. मी धडाधड फोटो काढत सुटले. तुला तिची चोच आधी दिसली, वरचा भाग टोकाशी डावीकडं वळलेला. वाकडी हाय, म्हणालीस, आणि तिथंच तिचं नाव पडलं. मग दुर्बीण माझ्याकडून घेतलीस, खूप वेळ पाहिलंस, ऊन बरोबर तिच्यावर येईपर्यंत थांबलीस.

आणि म्हणालीस, "बाई, ह्यो रंग नाय. ह्यो डाग हाय."

मी चिडलेच. तू सांगत राहिलीस, शांतपणे, गठ्ठे लावतानाच्या आवाजात. जीन्सला जुनाट दिसावी म्हणून तपकिरी पाण्यात बुडवतात, त्याला टिंट म्हणतात. कपडा वाळताना पाणी शिवणीशी साचतं, म्हणून शिवणीला रंग जास्त बसतो. या पाखराला पंखाच्या कडेला आणि मांडीशी रंग जास्त आहे, मध्ये फिका. जन्माचा रंग असा बसत नाही. बंधाऱ्याच्या पलीकडं ते डबकं आहे ना, जिथं कुठल्याशा कारखान्यातून तपकिरी पाणी येतं, तिथं ही आंघोळ करत असणार. म्हणजे ही आपली तिरंगीच, टिंट मारलेली.

मी विचारलं, मग सगळा थवा तपकिरी का नाही? मला वाटलं आता तू अडकलीस. तू म्हणालीस, हिची चोच वाकडी, हिला कडक दाना सोलता येत नाय. डबक्याच्या काठाला भिजलेला दाना पडतो, तो खायला ही एकटीच उतरते. बाकीच्या वरती कणसावर. काय उत्तर होतं गं ते. मी आज ते वाचून दाखवलं तर कुठल्याही विद्यापीठात टाळ्या पडतील. त्या दिवशी मला ते नुसतं टोचलं.

कारण मला ती तांबडीच हवी होती. पंचवीस वर्षं मी नववीला बेडकाची पचनसंस्था शिकवतेय. एक तरी गोष्ट माझ्या नावावर असावी असं मला वाटत होतं, आणि ती माझ्यासमोर कणसावर बसली होती. त्याच आठवड्यात मी पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकली, तीन फोटो जोडले. एका छोट्या पेपरात बातमी आली, अंबरनाथच्या शिक्षिकेला जांभूळमध्ये दुर्मीळ मुनिया आढळली. शाळेत फळ्यावर माझं नाव लिहिलं, मुख्याध्यापिकांनी पेढे वाटले. तुझं नाव कुठंच नव्हतं. तू त्यावर एक अक्षर बोलली नाहीस, हे मी मान्य करते.

तू बोललीस ते दुसऱ्याच गोष्टीवर. घटस्थापनेच्या दिवशी माझ्या घरी आलीस, अंबरनाथला पूर्वेला, तीन जिने चढून, आणि दारातच म्हणालीस, बाई, नोंद मागं घे, पिसं बदलेपर्यंत थांब. वीण संपली की ही पिसं टाकेल, नवी येतील, ती टिंटाशिवायची असतील, मग दिसेल काय ते. किती साधी गोष्ट सांगत होतीस. आणि मी, शेजारच्या बाई जिन्यात उभ्या होत्या, त्यांच्यासमोर म्हणाले, "तू जीन्सचे गठ्ठे लाव, कमल. पक्षी मला ओळखू दे."

तू चप्पल काढलेली होतीस ती परत घातलीस. पाण्याचा तांब्या मी हातात घेऊन उभी होते. तू गेलीस.

सहा आठवडे. एवढ्या वर्षांत आपण सहा दिवस न बोलता राहिलो नव्हतो. मी किती वेळा फोन उचलला आणि ठेवला, आणि दर वेळी स्वतःला सांगितलं की रुसलीय, येईल. मधे एकदाच भेट झाली, पूर्वेच्या मासळीबाजारात. तू बोंबील घेत होतीस. मी समोर आले तर तू हसलीस, खरंखुरं हसलीस, आणि विचारलंस, "फोटो सगले पाठवलेस का?" मी म्हटलं, हो, पाठवले. तू मान हलवलीस आणि पिशवी उचललीस. मला वाटलं टोमणा मारलास. घरी येऊन मी तुझ्यावर चिडले, मग मीही आणलेले बोंबील तिखट झाले म्हणून नवऱ्यावर चिडले. नंतर दिवाळी झाली. आणि दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी तुझ्या दीपालीचा फोन आला, आई गेली म्हणून. मी म्हटलं, कुठं गेली? खरंच असं विचारलं गं मी.

तेराव्याला दीपालीनं मला आत बोलावलं आणि एक पुठ्ठा दिला. जीन्सच्या खोक्याचा. आईनं तुमच्यासाठी ठेवलाय, म्हणाली. मी तो घरी आणून पलंगावर ठेवला आणि दोन दिवस त्याच्याकडं पाहिलं नाही. मग पाहिलं आणि कमल, मी तुझ्यावर इतकी खूश झाले की एकटीच मोठ्यांदा बोलत सुटले. काय केलंस हे? तुझ्या पांढऱ्या कोंबड्यांची पिसं, बारीक छातीची, दोरीला बांधून त्या डबक्यात सोडलेली. एक दिवस, तीन दिवस, पाच दिवस, आठ दिवस. प्रत्येक पीस वाळवून चिकटपट्टीनं पुठ्ठ्यावर लावलेलं, खाली तारीख, शेजारी शेड. युनिटमध्ये लावायचीस तसं शेड-कार्ड. आणि वरच्या ओळीत, अगं माझ्या आई, वरच्या ओळीत दोन पिसं निराळी. 'नलाचा पानी, काय नाय.' 'बंधाऱ्याचा पानी, काय नाय.' दोन्ही पांढरीच्या पांढरी. मी दर वर्षी मुलांना सांगते की प्रयोगाला तुलनेसाठी एक साधी बाजू लागते, नाहीतर प्रयोग खोटा. मुलं विसरतात. तुला कुणी शिकवलं होतं?

पाच दिवसांच्या पिसाखाली लिहिलंयस, 'जुलतंय.' मी माझा फोटो त्याच्या शेजारी खिडकीतल्या उन्हात धरला. जुळत होतं. आणि त्याच्या पुढं आठ दिवसांचं पीस, त्याखाली, 'लई काला. नाय जुलत.' सगळ्यात शेवटी पंखाचं मोठं पीस, 'ह्याला बसत नाय.' जे तुझ्या बाजूचं नव्हतं तेही तू चिकटवलंस, तारीख घालून. ते वाचलं तेव्हा मात्र माझा आनंद मावळला. पुठ्ठा मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. स्वतःला म्हटलं, कोंबडीचं पीस आणि मनोलीचं पीस एक नव्हे. पिसं बदलेपर्यंत थांबू. म्हणजे जे तू सांगितलं होतंस तेच, फक्त आता ते माझ्या सोयीचं झालं होतं.

तेव्हापासून मी रोज बंधाऱ्यावर जात होते. शाळेला दोन वेळा उशीर झाला, लेटमार्क पडले. डबक्यात येणारं ते पाणी दिवाळीपासून बंद आहे, डबकं जवळजवळ आटलंय, तुला बघायला आवडलं असतं. थवा दिसायचा, वाकडी नाही. मला वाटलं मेली असेल. चोच तशी, थंडीचे दिवस, बी कडक झालेलं. मेली असती तर माझी नोंद कायमची राहिली असती, आणि मी खोटं नाही बोलणार, एक-दोन सकाळी मला तसं व्हावं असंही वाटून गेलं. आणि आज ती आली. कणसाला लटकून, मान तिरकी करून, त्या वाकड्या चोचीनं काहीतरी काढत होती, जणू काही झालंच नाही. जुनं तांबडं विटलेलं, आणि त्यातून नवं पांढरं. तूच जिंकलीस. मला त्या क्षणी हरण्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही. मला फक्त कुणीतरी तुला हाक मारून आणावं असं वाटत होतं.

आता ती गोष्ट.

त्या रविवारी मी एकेचाळीस फोटो काढले होते. नोंदीला तीन जोडले. रात्री नाही, त्याच दुपारी, जेवायच्या आधी मी ते सगळे संगणकावर पाहत होते आणि सव्विसाव्या फोटोशी थांबले. फोटो जरा हललेला आहे. वाऱ्यानं वाकडीच्या छातीची पिसं उलटी झाली आहेत, आणि खाली, पिसांच्या मुळाशी, स्वच्छ पांढरं दिसतंय. मला कळलं. तुझ्याइतकं चटकन नाही, पण कळलं. पंचवीस वर्षं शाळा शिकवणाऱ्या बाईला एवढं कळतं. मी तो फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाकला. नोंदी तपासणाऱ्या माणसानं नंतर मला सभ्यपणे विचारलंही होतं, आणखी फोटो आहेत का, छातीचे जवळून? मी उत्तर पाठवलं, नाहीत. म्हणजे मी तुला 'पक्षी मला ओळखू दे' म्हणाले तेव्हा मी पक्षी ओळखलेला होता, कमल. तू बरोबर आहेस हे मला माहीत होतं. म्हणूनच इतकं वाईट बोलले. नुसती चुकले असते तर मी तुझ्याशी नेहमीसारखी तासभर भांडले असते आणि मग आपण भाकरी खाल्ली असती.

आज बंधाऱ्यावरून सरळ घरी आले. शाळेत रजेचा निरोप दिला. सव्विसावा फोटो त्या फोल्डरमधून बाहेर काढला, तुझ्या पुठ्ठ्याचा फोटो काढला, आज बंधाऱ्यावर काढलेला वाकडीचा घेतला, तिन्ही पाठवले आणि लिहिलं, माझी नोंद चुकीची आहे, हा पक्षी तिरंगी मनोली आहे. पहिल्या दिवशीच माझ्याकडं हा फोटो होता आणि मी तो दिला नाही. पक्षी ओळखला तो कमलनं. तुझं पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं. तासाभरात उत्तर आलं. नोंद काढली आहे, फोटोबद्दल आभार, आणि हा पिसांचा तक्ता फार मोलाचा आहे, ज्यांनी केला त्यांच्याशी बोलता येईल का? त्याला काय लिहू ते मला अजून सुचलेलं नाही. मुख्याध्यापिकांना मी फोनवर सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, बरं. फळ्यावरचं मी उद्या स्वतः पुसणार आहे आणि नववीला का पुसलं ते सांगणार आहे, तुझ्या पुठ्ठ्यासकट. मुलांना आवडेल. कोंबडीची पिसं म्हटल्यावर तर फारच.

दुपारी टमटम पकडून परत जांभूळला आले, तुझ्या घरी. हे सगळं कुणाला तरी तोंडानं सांगायला हवं होतं. दीपाली ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी आधी वाकडीचं सांगितलं, हातवारे करकरून, तर ती हसली. मग फोटोचं सांगितलं. मला वाटत होतं ती उठेल, आत जाईल, किंवा म्हणेल की आता कशाला आलात. तिनं ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"आईला ठाव होता," ती म्हणाली.

मी विचारलं, काय ठाव होतं?

"तो फोटो. त्या दिवशी बंधाऱ्यावरून येताना टमटममध्ये तुमचा कॅमेरा आईच्याच मांडीवर होता ना. तिनं सगले बगितले. घरी येऊन मला बोलली, बाईच्या कॅमेऱ्यात हाय, वाऱ्यान पिसं उडालेली. मी बोलले, मग सांग ना त्यांना. तर बोलली, ती बाई हाय, ती सोताच काडेल. आपन काय बोलायचा नाय."

मी तुझ्या ओट्यावर बसून राहिले, कमल. दीपालीनं चहा ठेवला. मासळीबाजारात तू मला विचारलं होतंस, सगळे पाठवलेस का, आणि थांबली होतीस. मला वाटत होतं तू रुसली आहेस. तू सहा आठवडे माझी वाट बघत होतीस.